भानोल्याची डिस्क

माझ्या सासूबाईंना माझा संशय येतो, ह्यात नवीन काही नाही. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून येतो. फरक इतकाच, की पूर्वी मी कोण हे माहीत असून यायचा, आता माहीत नसताना येतो.

सासूबाई म्हणजे सरोजिनी धराधर. गिरगावात पाठारे प्रभूंची जी काही घरं अजून उरली आहेत, तिथे हे नाव काढलं की लोक आधी ‘भानोलं’ म्हणतात आणि मग प्रकृती विचारतात. भानोलं म्हणजे बारीक चिरलेला कोबी, कोलंबी, बेसन आणि नारळाचं दूध एकत्र कालवून, वरखाली विस्तव ठेवून खरपूस भाजायचं. हल्ली ओव्हनमध्ये करतात. सगळ्या प्रभू घरांत होतं, पण सासूबाईंचं वेगळंच. कृती विचारली तर त्या नाही म्हणायच्या नाहीत, नाही म्हणणं त्यांच्या खानदानीपणात बसत नव्हतं. पानवाट्यांची बशी पुढे करून, हसून सगळं सांगायच्या. फक्त सांगताना एक गोष्ट गाळायच्या. ती कुठली, हे घरी जाऊन कितीही वेळा करून पाहिलं तरी कुणाला कळायचं नाही.

मी दादरची, सीकेपी घरातली. आमच्याकडच्या बायकाही असंच करतात, त्यामुळे मला राग आला नाही. मी फक्त लक्ष ठेवायला लागले. पण त्या माझ्या वरताण निघाल्या. भानोल्याच्या दिवशी ऐन वेळेला मला खालून काहीतरी आणायला पाठवायच्या. कधी कोथिंबीर, कधी आगपेटी. मी धापा टाकत वर येईपर्यंत भांडं ओव्हनमध्ये गेलेलं असायचं आणि त्या पदराने वारा घेत बसलेल्या असायच्या. कट्टा लख्ख पुसलेला! मला तर त्या लख्ख कट्ट्याचाच जास्त राग यायचा.

तशा त्या हाताच्या चिकट. शेजारणीला विरजण द्यायचं तरी कपाळावर आठी. पण बाजारात कोलंबी साफ करून घेताना डोकी वेगळ्या पिशवीत बांधून आणायच्या, जिन्यावरच्या मांजरींसाठी. हे मला जरा खटकायचं. पण प्रत्येक माणसाला कुठेतरी दयेचा पाझर असतो, यांचा मांजरींसाठी असेल, म्हणून मी तो विषय सोडून दिला होता.

गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांना विस्मरण झालं. आधी नावं गेली, मग माणसं गेली. मला त्या ‘ती बाई’ म्हणतात. सिद्धार्थला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बहुतेक वेळा वकीलसाहेब म्हणतात. तो सॉलिसिटरच्या फर्ममधून निवृत्त झाला आहे, त्यामुळे तेही अगदीच चूक नाही. सगळं गेलं, पण संशय मात्र जागच्या जागी राहिला. गणपतीनंतर तो अन्नावर आला. “ह्यात काहीतरी घातलंय,” म्हणायच्या आणि ताट सरकवायच्या. स्वतः सोललेलं केळं आणि स्वतः फोडलेला बिस्किटांचा पुडा, एवढंच पोटात जाऊ लागलं. पुढे पुढे तेही अर्धं राहायला लागलं. अंगावरचं पोलकं असं लोंबायला लागलं, की पाहवेना.

आमचे डॉक्टर जुने आहेत, उगाच घाबरवणारे नाहीत. त्यांनी नाडी पाहिली, वजन पाहिलं आणि मला बाहेरच्या खोलीत बोलावलं.

“शनिवारी परत येतो. तोवर तोंडाने काही नीट जायला लागलं तर ठीक. नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. आणि ह्या नळी उपसून काढणार, मग हात बांधून ठेवावे लागतील.”

हात बांधलेल्या सासूबाई माझ्या डोळ्यांसमोर येईनात. आमचं कधी पटलं नाही, हे सगळ्या गिरगावाला ठाऊक आहे. पण त्या हातचं एवढी माणसं जेवून उठली होती. ते हात कॉटच्या दांड्याला बांधलेले मी पाहू शकले नसते. तिथल्या तिथे मला रडू आलं.

लतिका, माझी नणंद, शिवाजी पार्कला राहते. तिचं म्हणणं होतं, आईला कर्जतजवळच्या एका केंद्रात ठेवावं, तिथे शिकलेल्या नर्स असतात. म्हणजे मी शिकलेली नाही, हे न बोलता बोलून झालं.

“घरात ती जेवत नाही, वहिनी. घरात काय कमी पडतं ते बघायला नको का?” असंही म्हणाली. माझ्या हातचं कमी पडतं, असा तो टोला होता. मी चहा दिला.

पण एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. सासूबाई दुपारी खिडकीशी बसून एकच विचारायच्या, “माझं भानोलं कुठाय?” ते मागत होत्या. काहीही न मागणारी बाई एक गोष्ट मागत होती. मी ग्रँट रोडच्या बाजारातून कोलंबी आणली. कोळीण साफ करता करता म्हणाली, “डोकी टाकू ना?” मी म्हटलं, “टाक.” घरी येऊन त्यांनी लोकांना सांगितलेल्या पद्धतीने भानोलं केलं. रंग सुरेख आला. त्यांनी एक घास घेतला, थांबल्या आणि रुमालात थुंकल्या.

“नक्कल आहे. मला फसवतेस?”

दुसऱ्यांदा केलं तेव्हा घाससुद्धा घेतला नाही. नुसता वास घेतला आणि माझ्याकडे अशी नजर टाकली, की मीच विष कालवल्यासारखी उभी राहिले.

तेव्हा मला डिस्क आठवली.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी दादरच्या एका व्हिडिओ कंपनीने सासूबाईंच्या पाककृतींची डीव्हीडी काढली होती. आमच्याच स्वयंपाकघरात शूटिंग झालं. मी तेव्हा बँकेत होते, मला रजा मिळाली नाही. खरं तर सासूबाईंनीच “तू कशाला खाडा करतेस” म्हणून मला घालवलं. त्यांची कंपनीला एकच अट होती : डिस्कची नक्कल होता कामा नये. “उद्या कोणीही उठेल, घरी बसून कॉप्या काढेल आणि हळदीकुंकवाला वाटेल,” म्हणाल्या. कंपनीवाल्याने त्यांची समजूत घातली, की साध्या कोऱ्या डिस्कवर उतरवणार नाही, कारखान्यात छापून घेऊ, म्हणजे आतून कुलूप बसतं. ते ऐकून त्यांनी सही केली. कंपनी पुढे बंद पडली. आमच्याकडची एक डिस्क मात्र गोदरेजच्या कपाटात, त्यांच्या शालूच्या घडीत, वेष्टनासकट होती. कॅमेऱ्यासमोर केलंय म्हणजे सगळं दिसलंच असणार, तिथे आगपेटी आणायला कोणाला पाठवणार, असा माझा हिशेब होता.

आता डिस्क आहे तर लावायची कशावर? आमचा प्लेअर भंगारवाल्याने नेला त्याला किती वर्षं झाली. वरच्या मजल्यावरच्या मेघनाच्या नव्या लॅपटॉपला डिस्कची फटच नाही. राहता राहिला सिद्धार्थचा म्हातारा लॅपटॉप. त्याला ट्रे आहे. पण त्या लॅपटॉपचं एक वेगळंच प्रकरण आहे.

निवृत्त झाल्यावर लोक भजनाला जातात, बागेत हसायला जातात. सिद्धार्थला लिनक्सचं वेड लागलं. कोणा कंपनीच्या मालकीची नाही, ज्याला पाहिजे त्याने आतलं उघडून पाहावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं, अशी ती फुकटातली सिस्टिम. तो लॅपटॉप मरायला टेकला होता, तो त्याने लिनक्स घालून उठवून बसवला. तेव्हापासून कोणीही भेटलं की सांगतो, “आपलं यंत्र आपल्या हुकमात.” आईने आयुष्यभर सगळं झाकून ठेवलं आणि मुलगा उघडंवाघडं वाटण्याच्या पंथाला लागला, ह्याची मला गंमत वाटायची. ती गंमत त्या दिवशी संपली.

डिस्क घातली. घरघर झाली. लाल जरीची नक्षी आली, सासूबाईंचं नाव आलं, खाली पदार्थांची यादी. ‘भानोलं’वर टिचकी मारली आणि पडद्यावर हिरवे-गुलाबी चौकोन सांडले. मधेच एक कान, मधेच अर्धी बांगडी. आवाज म्हणजे घशात काटा अडकल्यासारखा. मग तेही थांबलं.

“खराब झाली असेल,” सिद्धार्थ म्हणाला.

एवढ्या चटकन? पुसून पाहिली नाही, फिरवून पाहिली नाही, लगेच खराब? माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. आईचं गुपित बायकोच्या हाती लागू नये, असं त्याला वाटत तर नसेल? शेवटी धराधरच तो. मी डिस्क उजेडात धरली. एक ओरखडा नव्हता.

“खराब नाहीये. दुसरं काहीतरी आहे. खरं सांग.”

त्याने चष्मा काढला. खरं सांगायचं असलं की काढतो.

“कुलूप आहे तिच्यावर. डिस्कवर चित्र गुंतवून ठेवलेलं असतं, किल्ली असल्याशिवाय सुटत नाही. टीव्हीच्या प्लेअरमध्ये ती किल्ली कारखान्यातच घालून यायची, कंपन्या त्याचे पैसे भरायच्या. लिनक्सवाले भरत नाहीत, म्हणून सोबत देतही नाहीत. एक छोटा प्रोग्रॅम वेगळा आणून बसवावा लागतो. तो किल्लीशिवाय कुलूप उघडतो.”

“मग बसव!”

“ते बरोबर आहे की नाही, ते बघायला हवं.”

“काय बघायला हवं?”

“कुलूप तोडणं कायद्यात बसतं का ते.”

मी कपाळाला हात लावला. माणसाची आई उपाशी, आणि हा कायदा वाचत बसला. खरंच वाचत बसला! कॉपीराइटचा कायदा काढला, पासष्ट-अ कलम काढलं, पेन्सिलने खुणा केल्या. चहा गार झाला. मग म्हणाला, हक्क बुडवण्याच्या हेतूने तोडलं तर गुन्हा आहे. आपली विकत घेतलेली डिस्क आपण नुसती पाहणार, तेव्हा कायद्याने अडचण दिसत नाही.

“झालं तर मग!”

“कायद्याने नाही. पण कुलूप आईने मागून घातलंय, देविका. कृती तिची. तिला विचारायला नको?”

तो खरंच उठला आणि खिडकीशी गेला. सासूबाई शाल गुंडाळून खालच्या रस्त्यावर डोळे लावून होत्या. तो खुर्चीशेजारी उकिडवा बसला.

“आई, तुझी भानोल्याची डिस्क आहे ना? ती उघडू का?”

“कोण मागतंय?”

“मीच. सिद्धार्थ.”

त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “नाही,” म्हणाल्या. “नाही द्यायची. कोणालाच नाही.”

सिद्धार्थ परत आला, लॅपटॉप बंद केला आणि म्हणाला, “आई नाही म्हणाली.”

माझा तोल गेला. मी म्हटलं, तुझी आई गेले तीन महिने अन्नालाही नाहीच म्हणतेय, तेही ऐकायचं का? नळीला नाही म्हणेल, तेव्हा ऐकशील का? की तुम्हा दोघांचं आधीपासूनच ठरलंय, सुनेला काही कळू द्यायचं नाही? मी जे बोलू नये ते सगळं बोलले. तो काही बोलला नाही. त्याने काही बोलायला हवं होतं, म्हणजे माझा संशय तरी फिटला असता.

शुक्रवारी सकाळी लतिका आली, कर्जतच्या केंद्राचं माहितीपत्रक घेऊन. टेबलावर डिस्कचं वेष्टन पडलेलं तिने पाहिलं आणि तिचे डोळे बारीक झाले.

“ही कशाला काढली?”

मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

“कृती हवीये होय. तुझी ती भिशीची मैत्रीण घरगुती डबे देते ना? भानोलं चांगलं खपेल.”

“लतिका, तोंड सांभाळ. आणि मला शिकवू नकोस. तुला आईंनी सांगितलंय, तू दाबून बसलीयस. लेकीला सांगितल्याशिवाय राहिल्या असतील त्या? एक शब्द बोललीस तर उद्याची नळी टळेल, तरी बोलत नाहीयेस!”

लतिकाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. हातातलं पत्रक तिने टेबलावर ठेवलं.

“मला?” ती म्हणाली. “वहिनी, मलाही आगपेटी आणायला पाठवायची गं.”

इतकी वर्षं ती समजत होती, की आईने शेवटी सुनेला सांगितलं असणार, स्वयंपाकघर तिच्याच ताब्यात गेलं ना. मी समजत होते लेकीला सांगितलं. दोघी एकमेकींच्या घरी जेवायला गेलो की भानोलं आलंय का, चव तीच आहे का, हे चोरून तपासत होतो. मला हसूही आलं आणि तिची कीवही आली. स्वतःचीही आली.

सिद्धार्थ दारात उभा राहून हे ऐकत होता. तो आत आला, खुर्ची ओढली आणि लॅपटॉप उघडला.

“आई नाही म्हणाली होती ना?” मी विचारलं. टोमणा होताच.

“आई नाही म्हणायची तेव्हा हसून, पानवाटी पुढे करून म्हणायची,” तो म्हणाला. “काल जी नाही म्हणाली ती आई नाही, तो तिचा आजार होता. मला ते कळलं होतं. तरी मी तिच्या ‘नाही’च्या मागे लपलो. तिचं काही उघडायची मला भीती वाटत होती, झालं.”

त्याने पडद्यावर एक काळी खिडकी उघडली आणि पांढऱ्या अक्षरांत काहीबाही लिहिलं. मग लॅपटॉपने पासवर्ड मागितला. त्याची बोटं चालत होती, पण पडद्यावर एक अक्षर उमटेना. ठिपकासुद्धा नाही.

“काही दिसत नाहीये,” मी म्हटलं. “खरंच लिहितोयस ना?”

“दिसत नसतं.”

“का?”

“शेजारच्याला कळू नये म्हणून.”

“शेजारी मीच आहे.”

“म्हणूनच,” तो म्हणाला, आणि लतिका कितीतरी दिवसांनी मनापासून हसली.

अक्षरांच्या ओळी सरकत वर गेल्या. काहीतरी आलं, काहीतरी बसलं. डिस्क पुन्हा घरघरली, ‘भानोलं’वर टिचकी पडली आणि आमच्याच स्वयंपाकघरातला जुना पिवळा रंग पडद्यावर स्वच्छ उभा राहिला.

सासूबाई उभ्या होत्या. मोतिया रंगाची सिल्कची साडी, कानांत कुड्या, केस चापूनचोपून. “मैत्रिणींनो,” म्हणाल्या, “आज आपण आमच्या प्रभूंचं खास भानोलं पाहू या.” लतिकाने पदराचं टोक तोंडाशी नेलं. मी मात्र डोळ्यांत तेल घालून बघत होते. कोबी, मान्य. कांदा किसून, मान्य. आलं-लसूण, हळद, तिखट, मसाला, बेसन, नारळाचं दूध, सोललेली कोलंबी. हात एकदाही पडद्याबाहेर गेला नाही. “झालं, इतकं सोपं!” म्हणून त्या गोड हसल्या आणि भांडं ओव्हनमध्ये गेलं.

संपलं. मी दोनदा जे केलं होतं, ते हेच. चिमूटभरही वेगळं नाही. पडद्यावरसुद्धा त्यांनी तेच केलं होतं, जे आयुष्यभर केलं. म्हणजे कुलूप फोडून काय मिळालं, तर रिकामा डबा. कायदा झाला, भांडणं झाली, आणि शनिवार उद्यावर आलेला. मी टेबलावर डोकं टेकलं. सिद्धार्थने माझ्या पाठीवर हात ठेवला.

“परत लाव,” मागून आवाज आला.

सासूबाई खुर्चीतून पुढे वाकल्या होत्या. आपलाच आवाज त्यांच्या कानी गेला असणार. नजर लॅपटॉपवर खिळलेली. सिद्धार्थने लॅपटॉप उचलून त्यांच्यापुढे स्टुलावर ठेवला आणि पुन्हा सुरू केलं.

त्या बघत राहिल्या. ओळख पटल्याची खूण चेहऱ्यावर कुठे दिसेना. होता तो आमच्या रोजच्या ओळखीचा संशय, भुवया एकमेकींना भिडलेल्या.

“कोण आहे ही बाई?” त्यांनी मला विचारलं.

“आहे एक,” मी म्हटलं. “भानोलं शिकवतेय.”

“शिकवतेय कसली! लबाड आहे.” त्यांनी माझं मनगट धरून मला खाली ओढलं. किती दिवसांनी त्या मला आपणहून शिवल्या होत्या. “तिच्या तोंडाकडे बघू नकोस. मागे बघ. ते झाकलेलं पातेलं दिसतंय?”

होतं. तिच्या खांद्यामागे, गॅसशेजारी, ताटलीखाली झाकलेलं छोटं पातेलं. मला दिसलंच नव्हतं, मी हातांवर लक्ष ठेवून होते.

“दिसतंय.”

“त्यात काय आहे, विचार तिला. नाही सांगायची.” त्या माझ्या कानाशी आल्या. “कोलंबी सोललीन. मग डोकी कुठे गेली? आं? म्हणते मांजरींना घालते. कसल्या मांजरी! डोकी खमंग परतून, चेचून, उकळून त्याचं पाणी गाळून ठेवते. बेसन त्यात कालवते. हे लोकांसमोर नारळाच्या दुधातलं नुसतं नाटक. तू तिचं काही ऐकू नकोस. भोळी आहेस तू.”

मला आयुष्यात कोणी भोळी म्हटलं नव्हतं. लतिका दाराशी चपला शोधत होती. “मी जाते कोलंबी आणायला,” म्हणाली, आणि आगपेटी आणायला पाठवल्यासारखी धावत सुटली.

डोकी परतली तेव्हा घरभर जो वास सुटला, तो मी कोथिंबीर घेऊन जिना चढताना नेहमी घ्यायचे. वाटायचं, शेजारच्यांकडचा असेल. सासूबाई खिडकीकडे पाठ करून दाराकडे तोंड करून बसल्या, नाकपुड्या फुलवून. मी बशीत एक तुकडा घेऊन गेले. त्यांनी बशी नाकाशी नेली.

“कोणी केलंय?”

सिद्धार्थ आणि लतिका माझ्याकडे बघत होते. मी केलं म्हटलं असतं तर बशी परत आली असती. तुम्ही केलंत म्हटलं असतं, तरी त्यांनी विश्वास ठेवला नसता. मी खाली बसले, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज अगदी बारीक केला.

“त्या बाईच्या घरून चोरून आणलंय.”

सासूबाईंचा चेहरा उजळला. एक तुकडा मोडून त्यांनी तोंडात घातला. चावला. गिळला. दुसरा मोडला. लतिका भिंतीकडे तोंड करून रडत होती. माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मी ते पुसलंही नाही.

“तिला कळलं का?” त्यांनी घास तोंडात ठेवूनच विचारलं.

“नाही.”

“कळू देऊ नकोस.” बशीतला एक तुकडा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. “तूही खा. आधी दार लावून घे.”